रणांगण
विश्राम बेडेकर (१९०६–९८) ह्यांची एकमेव कादंबरी. ती १९३९ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटले त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. यूरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी एकत्र येतात. त्याच्या मनात उमेवरील विफल प्रेमाचा सल आहे. तीही एक प्रेम मागे टाकून आलेली आहे. मुंबईस तो उतरतो; तिला शांघायला जावयाचे असते. पुढे तिची पत्रे येतात आणि अखेर तिच्या आत्मघाताची वार्ता.

ह्या कथेमागील इतिहास ध्यानात घेणे अगत्याचे आहे. नोव्हेंबर १९३८ मधील अत्याचारांनंतर जर्मनी-ऑस्ट्रियातील ज्यूंची देशत्यागासाठी धडपड सुरू झाली. पण बहुतेक राष्ट्रांची दारे बंद होती. प्रवेशपत्र न मागणारे शांघाय हे त्यांतल्या त्यात खुले बंदर. १९४१ पर्यंत १७,००० हून अधिक निर्वासित तेथे पोहोचले. इटालियन बंदरांतून सुएझमार्गे अतिपूर्वेकडे जाणाऱ्या बोटी मुंबईस थांबत. हिंदुस्थानातही प्रवेश अगदीच अशक्य नव्हता. मात्र निर्वासित सरकारवर भार होणार नाही, अशी हमी लागे. मुंबईत १९३४ मध्ये स्थापन झालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन ही संस्था तशी हमी देत असे. अर्थात अशी हमी थोड्यांच्याच वाट्यास आली. मुंबईचा धक्का हा एकाला घर, तर दुसऱ्याला केवळ मुक्काम ठरे.

चक्रधराच्या पश्चात्तापाचे मूळ ह्या विषमतेत आहे. त्याला उतरण्याचा हक्क होता आणि तो उतरला. ह्यात त्याने कायद्याने कोणताही अपराध केलेला नाही. तरीही सारे निवेदन म्हणजे त्याने स्वतःविरुद्ध दिलेली साक्षच होय. नात्झींच्या क्रौर्याची चीड येणारा हा माणूस स्वतःच्या प्रेमाबाबत मात्र निर्णय टाळतो. युद्धविषयक बातम्यांहून हे टाळणेच वाचकाच्या मनाला अधिक लागते. शीर्षकातील रणांगण म्हणूनच केवळ यूरोपचे नव्हे. तत्कालीन मराठी कादंबरीतील सुखवस्तू प्रणयाशी ह्या कृतीचे नाते फार थोडे. प्रारंभी ती काहीशी उपेक्षितच राहिली. तिचे मोल पुढील पिढीने ओळखले.

बेडेकरांचा जन्म अमरावतीचा. चित्रपटविद्येच्या अभ्यासार्थ ते इंग्लंडला गेले होते. परतीच्या सागरप्रवासाचा अनुभव ह्या कादंबरीच्या मुळाशी आहे. १९३८ मध्ये त्यांचा विवाह ‘विभावरी शिरूरकर’ ह्या नावाने लिहिणाऱ्या लेखिकेशी, म्हणजे मालतीबाईंशी झाला. प्रभातच्या शेजारी (१९४१) ह्या चित्रपटाची कथा त्यांची. टिळक आणि आगरकर (१९८०) हे त्यांचे गाजलेले नाटक. एक झाड आणि दोन पक्षी (१९८४) ह्या आत्मचरित्रास १९८५ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले. त्यातही स्वतःकडे त्रयस्थपणे, प्रसंगी निष्ठुरपणे पाहण्याची तीच वृत्ती आढळते.