आपत्तीनंतरची उभारणी : लोकांच्या अपेक्षा (रत्नागिरी जिल्हा)

वादळ, पूर वा दरडीने उद्ध्वस्त झालेली वस्ती पुन्हा उभी करताना सरकार घरे मोजते आणि लोक वाडी मागतात. रत्नागिरी जिल्ह्यात 2019 ते 2021 या काळात हा फरक वारंवार दिसला.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे दगावली. गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. त्यामुळे तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी धरणफुटीचा दोष खेकड्यांना दिला तेव्हा लोक संतापले. वाचलेली कुटुंबे आधी कंटेनरमध्ये राहिली. पुढे मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाच्या निधीतून अलोरे येथे पक्की घरे झाली. शेत आणि ग्रामदेवता मात्र तिवऱ्यातच राहिली. कोकणात घर म्हणजे पडवी, गोठा, पंगत बसेल एवढे खळे, गणपतीला मुंबईहून येणारी भावकी मावेल असे माजघर आणि शिमग्याला पालखी टेकेल असे अंगण. ‘जवळ द्या, एकत्र द्या’ या मागणीला भावनिक म्हणून बाजूला सारणे चूक आहे. लावणीला हात देणारे आणि अडीनडीला धावणारे शेजारी वाडीतलेच असतात.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर माड आणि पोफळी आडव्या केल्या. भरपाई हेक्टरी होती, बागा मात्र गुंठ्यांच्या. बागायतदारांनी झाडागणिक मोजणीचा आग्रह धरला, तेव्हा नारळाला 250 आणि सुपारीला 50 रुपये ठरले. नवी पोफळ धरायला कित्येक वर्षे लागतात, हे पाहता रक्कम तुटपुंजीच होती.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. इथे मागणी घरांपेक्षा नदीची होती. डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केले : वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा, बांधकामावर बंधने घालणाऱ्या निळ्या-लाल पूररेषांचा फेरविचार करा. गाळाबाबत लोकांचे म्हणणे रास्त होते आणि उपसाही सुरू झाला. पूररेषेबाबत मात्र मन कचरते. 26 जुलै 2005 लाही शहर असेच बुडाले होते. तरीही भिंतीवरच्या दोन्ही पुरांच्या खुणा दाखवणारा दुकानदारच रेषा हटवा म्हणतो, कारण माळा चढवायचा तर परवानगी तिच्यापाशीच अडते.