राबाची राख आणि पोत्यातले खत: भातखाचरातील स्फुरदाचा इतिहास

 कोकणातल्या डोंगरपायथ्याच्या गावांतील भाताला स्फुरद आधी रानातून मिळत असे, पुढे पोत्यातून मिळू लागले.

रानातून येणारे स्फुरद राबातून येई. उन्हाळ्यात दाढीच्या (भाताच्या रोपवाटिकेच्या) जागेवर शेण, तोडलेले कवळ (झाडांच्या डहाळ्या), पातेरा आणि गवत यांचे थर रचून, वर माती पसरून राब भाजत. भाजताना नत्र उडून जाते; स्फुरद आणि पालाश मात्र राखेत उरतात. खत सगळ्या खाचरभर न पसरता रोपांच्या लहानशा तुकड्यावर एकवटण्याची ही काटकसर शहाणपणाची होती. इंग्रज वनखात्याला तीत फक्त झाडांची नासाडी दिसली. कवळतोडीवरील निर्बंधांनी ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत असंतोष वाढला, तेव्हा 1885 मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करणारे रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनीही 1893 च्या अहवालात राबाची दखल घेतली.

रासायनिक स्फुरदाचा आरंभ इंग्लंडचा. जॉन लॉज यांनी 1842 मध्ये सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी रॉथमस्टेड येथे दीर्घकालीन प्रयोग मांडले. तेथील एका शेतात 1901 नंतर स्फुरद देणे थांबवले, तरी आधीच्या साठ्यावर पिके अनेक दशके स्फुरद घेत राहिली. दिलेले स्फुरद पहिल्या हंगामात साधारण 15 ते 20 टक्केच पिकाला लागते; उरलेले बहुतेक मातीत अडकून बसते आणि हळूहळू सुटते. भारतात असे प्रयोग 1970 पासून देशभर सुरू झाले. वर्षानुवर्षे नुसते नत्र दिलेल्या वाफ्यांत उपलब्ध स्फुरद घटले. नत्र, स्फुरद, पालाश मिळून दिलेल्या वाफ्यांत ते साठत गेले, शेणखताच्या जोडीने आणखी.

कोकणात हा हिशेब वेगळा पडतो. मुसळधार पावसाने चुना धुऊन जातो; मागे राहिलेली लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे स्फुरद घट्ट धरतात. खाचरात पाणी साचले की हवेअभावी लोहाचे रूप पालटते आणि त्याने धरलेले स्फुरद काही अंशी मोकळे होते. त्यामुळे भाताची गरज बरीचशी आतल्या आत भागते. भात कापल्यावर, जमीन सुकली की तेच स्फुरद पुन्हा अडकते. मग मागाहून ओलीवर पेरलेल्या वालाला ते मिळणे कठीण होते. म्हणून भाताचे पीक बरे आले एवढ्यावरून खाचरात स्फुरद पुरेसे आहे असे मानणे चूक ठरते.

पुढे तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) कारखान्यातले सुफला हे मिश्रखत आणि दाणेदार डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) गावोगाव पोचले. 1992 मध्ये स्फुरद व पालाश खतांवरील किंमत नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. स्वस्त युरियाकडे ओढा वाढणे ओघानेच आले. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीने यावर एक वेगळा उपाय पुढे केला. त्यात गिरिपुष्पाचा पाला आणि नियंत्रित लावणी यांच्या जोडीला युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी चार चुडांमध्ये एक याप्रमाणे 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. खत मुळांजवळ एका जागी राहते, म्हणून ते मातीच्या कमी कणांना भिडते आणि त्यातले स्फुरद कमी अडकते.

दीर्घकाळ डीएपी पडलेल्या खाचरात स्फुरदाची मात्रा कमी करता येते. नुसत्या युरियावर चाललेल्या खाचरात ती द्यावीच लागते. यातले कोणते खाचर आपले, हे माती परीक्षणानेच कळते, आणि कोकणातल्या आम्ल मातीसाठी त्यात ब्रे पद्धत वापरणे योग्य.