सहाण आणि वस्तरा

न्हाव्याची धोकटी म्हणजे चामड्याची एक पिशवी. तिच्यात वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, आरसा आणि सहाणेचा दगड. एवढ्यावर सगळ्या गावाची डोकी न् दाढ्या निघायच्या. लोक वस्तऱ्याचं नाव घेत, पण खरी करामत त्या दगडाची.

आमच्या गावच्या न्हाव्याला आम्ही पोरं तात्या म्हणायचो. मोठी माणसं मात्र त्याला अरे-तुरेच करायची, मग तो वयानं वडील का असेना.

तात्या दगडावर पाण्याचे चार थेंब टाकायचा आणि वस्तरा सपाट आडवा टेकवायचा. पाठ आणि धार, दोन्ही दगडाला लागली पाहिजे. वस्तऱ्याची पाठ जाड ठेवलेली असते ती त्याचसाठी. पाठ टेकली की धारेचा कोन आपसूक राखला जातो. विळ्याला, कुऱ्हाडीला धार लावताना कोन आपण हातानं धरतो आणि जोर लावतो. म्हणून आम्हा शेतकऱ्यांना हे काम सहसा जमत नाही. इथं जोर द्यायचाच नाही. धार पुढं ठेवून वस्तरा सरकवायचा, टोकाला गेला की पाठीवर उलटायचा, परत आणायचा. जास्त घासलं की धारेला बारीक कोर सुटते आणि ती गालाची आग करते. म्हणून शेवटचे हात फुंकर घातल्यासारखे हलके.

मग चामड्याचा पट्टा. तिथं सगळं उलटं, पाठ पुढं न् धार मागं. नाहीतर पट्टाच कापायचा. पट्टा हाताशी नसला तर तळहात. तात्याच्या डाव्या तळव्याची कातडी त्यानं गुळगुळीत झालेली. शेवटी मनगटावरचे दोन केस काढून बघायचा. ते न ओढता निघाले म्हणजे झालं. दाढी नुसत्या पाण्यानं भिजवून चोळायची, साबण मागाहून आला. धार बरी असली की माणूस बसल्या जागी पेंगायचा. नसली की डोळ्यांत टचकन पाणी.

हे सगळं बलुत्यावर. वर्षभर घरच्या दाढ्या करायच्या आणि सुगीला खळ्यावर पेंढ्या, धान्य न्यायचं. नगावर पैसे नाहीत, त्यामुळं घाई करून त्याचा फायदा नव्हता. पण धार सगळ्यांना सारखी मिळत होती असं कुणी समजू नये. वाड्यावर ताजी पाजवलेली, आमच्यासारख्यांना दहा दाढ्या झालेली. आणि महारवाड्याला ती मुळीच नव्हती. गावचा न्हावी तिकडं जात नसे; ती माणसं एकमेकांची हजामत करायची. ज्या दगडाचं मी इतकं वर्णन केलं, त्याचं सुख त्यांच्या गालाला कधी ठाऊक झालं नाही.

दुसरं एक काम ह्याच वस्तऱ्याकडं होतं. नवरा मेलेल्या ब्राह्मण बायांचं केशवपन. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी संप करून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचं नाकारलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, जोतीराव फुल्यांचे सहकारी. पोट ज्या हत्यारावर, तेच खाली ठेवायचं, ही साधी गोष्ट नव्हे. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, मी फार उशिरा वाचलं.

पुढं पातं आलं. अमेरिकेत जिलेटनं 1904 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, पण आमच्या गावात वस्तरा त्यानंतरही कितीतरी वर्षं टिकला. 1986 मध्ये देशात एड्सचे पहिले रुग्ण सापडले. पुढं त्याचं भय खेड्यांपर्यंत आलं आणि गिऱ्हाईक नवं ब्लेड मागू लागलं. अर्धं पातं मोडायचं, दांड्यात सरकवायचं, दाढी झाली की टाकून द्यायचं. त्याला ना सहाण लागते, ना पट्टा. तालुक्याच्या सलूनात खुर्चीवर कोण बसलंय हेही कुणी विचारत नाही, पैसे टाकले की झालं.

तात्याचा नातू तिथंच दुकान चालवतो. सहाण त्याच्याकडं आहे. मधोमध खोलगट झालीय. त्याला तिच्यावर वस्तरा फिरवता येत नाही, आणि आता शिकवायला तात्याही नाही.