व्हर्जिनियाचा ऑनर कोड आणि त्यात न बसलेला गुन्हा

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ऑनर कोडचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या इभ्रतीच्या संहितेचे, मूळ एका खुनात आहे. नोव्हेंबर १८४० मध्ये एका रात्री मुखवटे घातलेले विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात धुडगूस घालत होते. त्यांतल्या एकाचा मुखवटा काढायला कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस पुढे झाले आणि त्याने त्यांच्यावर गोळी झाडली. दोन दिवसांनी डेव्हिस दगावले. थॉमस जेफरसन यांनी स्थापलेल्या या संस्थेत मळेवाल्यांची श्रीमंत मुले आणि प्राध्यापक यांचे पहिल्यापासून पटत नसे. हा तणाव निवळावा म्हणून १८४२ मध्ये प्राध्यापक हेन्री सेंट जॉर्ज टकर यांनी ठराव मांडला: परीक्षेत कोणाची मदत घेतली नाही, असे विद्यार्थ्याने स्वतःच्या इभ्रतीची शपथ घेऊन लिहून द्यावे. पुढे या संहितेचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती आला. खोटे बोलणे, कॉपी आणि चोरी हे तीन गुन्हे ठरले, आणि तिन्हींना शिक्षा एकच, कायमची हकालपट्टी.

ही इभ्रत गोऱ्या सधन पुरुषांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाची होती. स्त्री तिच्या हिशेबात नव्हतीच. १८५० मध्ये तीन विद्यार्थ्यांनी एका गुलाम मुलीवर सामूहिक बलात्कार केला. विद्यापीठाने त्यांना काढून टाकले, पण संहितेत अशा अत्याचाराला जागा झाली नाही. १९७० पासून पदवी अभ्यासक्रमांचे दरवाजे मुलींना खुले झाले, तरी गुन्ह्यांची यादी होती तशीच राहिली. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वेगळ्या मंडळाकडे जात, आणि तिथे हकालपट्टी बंधनकारक नव्हती. परिणामी कॉपी करणाऱ्याची गय नव्हती. बलात्काराचा आरोप सिद्ध झालेला विद्यार्थी मात्र वर्गात परतू शकत असे. हा न्याय उफराटाच म्हणायला हवा.

त्याहून जाचक होती गुप्ततेची सक्ती. सुनावणीचा निकाल बाहेर सांगितला तर शिस्तभंगाची कारवाई होईल, अशी ताकीद तक्रारदार मुलींनाच दिली जाई. अशी अट कायद्याविरुद्ध असल्याचा निर्णय केंद्रीय शिक्षण खात्याने २००८ मध्ये दिला.

संहिता पीडितेवरच उलटल्याचे उदाहरण युटा राज्यातले आहे. मॉर्मन पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ऑनर कोडमध्ये दारू आणि विवाहबाह्य शरीरसंबंध वर्ज्य आहेत. अत्याचाराची तक्रार केली की, मुलगी त्या वेळी कुठे होती, दारू प्यायली होती का, याची चौकशी होई. साहजिकच कित्येक जणी गप्प बसत. २०१६ मध्ये विद्यार्थिनींनी याविरुद्ध उघड आवाज उठवल्यावर विद्यापीठाने तक्रारदारांना अशा कारवाईतून अभय देण्याचे मान्य केले.

बदल रेटला तो मुख्यतः १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने. लिंगभेदाला मनाई करणाऱ्या या कायद्याखाली लैंगिक अत्याचाराची दखल घेणे विद्यापीठांवर बंधनकारक आहे, असे शिक्षण खात्याने २०११ च्या पत्रात बजावले आणि आरोप खरा असण्याची शक्यता अधिक वाटली तरी तेवढा पुरावा पुरेसा मानण्यास सांगितले. २०१७ मध्ये ते पत्र मागे घेतले गेले. २०२० च्या नियमांनी प्रत्यक्ष सुनावणी आणि उलटतपासणी आणली. उलटतपासणीच्या धास्तीने मुली तक्रारच करणार नाहीत, अशी टीका त्यावर झाली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, काही तक्रारींची वेळेवर व न्याय्य दखल न घेतल्याचा ठपका शिक्षण खात्याने व्हर्जिनिया विद्यापीठावर ठेवला होता.

मार्च २०२२ मध्ये व्हर्जिनियाच्या विद्यार्थ्यांनी मोठ्या बहुमताने हकालपट्टीची एकमेव शिक्षा रद्द केली. ऑनर कोडचे गुन्हे मात्र अजूनही तेच तीन आहेत. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी विद्यापीठाचे टायटल नाइन कार्यालय हाताळते.