वातावरणविज्ञानातील संगणकीय आंतरवासिता

हवामान, मान्सून आणि समुद्र यांच्या अभ्यासाला लागणाऱ्या संगणक-आज्ञावली लिहिणे, तपासणे व सुधारणे हे काम विद्यार्थ्याने एखाद्या संशोधनसंस्थेत ठरावीक काळ, बहुधा उन्हाळी सुटीत, मार्गदर्शकाच्या हाताखाली केले, तर त्यास वातावरणविज्ञानातील संगणकीय आंतरवासिता असे म्हणता येते. महाराष्ट्रात अशा कामाचे प्रमुख केंद्र पुणे आहे. 'इंटर्नशिप' या अर्थी 'आंतरवासिता' हा शब्द मराठी वाचकास मुख्यतः वैद्यकीय शिक्षणामुळे परिचित झाला. जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून काम शिकण्यास मराठीत पूर्वीपासून 'उमेदवारी' हा नेमका शब्द होता. मात्र आता तो निवडणुकांनी जवळजवळ बळकावला आहे.

पार्श्वभूमी

हवामानाचा अंदाज गणिताने काढता येईल, ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन याने इ.स. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सविस्तर मांडली. त्याने हाताने केलेले सहा तासांच्या अंदाजाचे गणित पूर्णपणे फसले, परंतु पद्धत योग्य होती. इ.स. १९५० मध्ये अमेरिकेतील एनिॲक या संगणकावर पहिले यशस्वी संगणकीय अंदाज काढण्यात आले. तेव्हापासून हवामानशास्त्र आणि आज्ञावलीलेखन यांची फारकत झालेली नाही.

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना इ.स. १८७५ मध्ये झाली. विभागाचे मुख्यालय इ.स. १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरची ती इमारत आणि तिच्यासमोरील चौक पुणेकरांच्या तोंडी अजून 'सिमला ऑफिस' याच नावाने आहेत. इ.स. १९६२ मध्ये पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम) स्थापन झाली, ती इ.स. १९७१ मध्ये स्वायत्त झाली आणि सध्या केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत पाषाण येथे कार्यरत आहे.

संगणकाच्या बाजूने पाहता, इ.स. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) सुरू झाले आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली इ.स. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. आयआयटीएममध्ये इ.स. २०१८ साली 'प्रत्यूष' (४ पेटाफ्लॉप) आणि इ.स. २०२४ साली 'अर्क' (११.७७ पेटाफ्लॉप) हे महासंगणक कार्यान्वित झाले. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी.

कामाचे स्वरूप

हवामानाचे प्रतिमान म्हणजे वायूची गती, उष्णता, बाष्प आणि दाब यांची समीकरणे सोडविणारी, लक्षावधी ओळींची आज्ञावली होय. यांतील बहुतेक जुना भाग फोर्ट्रान भाषेत आहे. ही भाषा इ.स. १९५७ पासून वापरात असून महाविद्यालयांत आता ती क्वचितच शिकविली जाते. त्यामुळे पायथॉन शिकून आलेल्या विद्यार्थ्यास पहिले काही दिवस पणजोबांची मोडी लिपीतील कागदपत्रे वाचल्यासारखे वाटते. आलेखन, पडताळणी आणि विदेचे विश्लेषण मात्र आता मुख्यतः पायथॉनमध्ये होते. प्रतिमानाने पृथ्वीचे तुकडे पाडून ते हजारो प्रक्रियकांना वाटलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला शेजारच्या तुकड्याच्या सीमेवरील आकडे सतत कळवावे लागतात. ही देवाणघेवाण कमी वेळात व्हावी, यासाठी आज्ञावलीत बदल करणे हे आंतरवासितेतील एक अवघड आणि महत्त्वाचे काम आहे.

अल्पकाळात पुरे होईल असे काम म्हणून विद्यार्थ्यांकडे बहुधा पडताळणीची आज्ञावली सोपविली जाते. अंदाजातील पाऊस आणि प्रत्यक्ष मोजलेला पाऊस यांची तुलना, इतकेच त्याचे वर्णन. पण चुका येथेच होतात. भारतात दैनिक पर्जन्यमान सकाळी साडेआठला मोजले जाते आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेस नोंदविला जातो. म्हणजे १४ जुलैच्या रात्री कोसळलेला पाऊस १५ जुलैच्या रकान्यात येतो. उपग्रहाची आणि प्रतिमानाची विदा जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. भारतातील साडेआठ म्हणजे तेथील पहाटेचे तीन. हा फरक आज्ञावलीत हिशेबात धरला नाही, तर उत्तम अंदाजही चुकलेला दिसतो आणि चुकलेला अंदाज बरोबर ठरू शकतो. नोंद उपलब्ध नसल्याची खूण म्हणून विदेत उणे ९९९ सारखा आकडा भरलेला असतो. तो गाळावयाचे राहिले तर पावसाची सरासरी उणे येते. ही चूक निदान लगेच दिसते. तारखेची चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

संस्था आणि कार्यक्रम

आयआयटीएममध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी व अल्पकालीन प्रकल्पांसाठी शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली काम करता येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाशविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी अन्य दोन राष्ट्रीय अकादम्यांसह दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देते. ती विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही खुली आहे, ही गोष्ट अनेक महाविद्यालयांत माहीत नसते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत वातावरण व महासागर विज्ञानाचे केंद्र उभारण्यात पुण्यात जन्मलेल्या मान्सूनतज्ज्ञ सुलोचना गाडगीळ यांचा मोठा वाटा होता.

परदेशांत अमेरिकेतील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राचा (एनकार, बोल्डर) समांतर संगणनविषयक उन्हाळी कार्यक्रम इ.स. २००७ पासून चालू आहे. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने इ.स. २०१८ मध्ये 'समर ऑफ वेदर कोड' सुरू केला. त्याचे पुढे 'कोड फॉर अर्थ' असे नामांतर झाले. हे काम घरी बसून करता येते, त्यामुळे पारपत्र आणि प्रवासखर्च आड येत नाहीत.

दक्षिण कोकणाच्या दृष्टीने

मालवण तालुक्यातील गड नदीकाठचे मसुरे आणि सह्याद्रीचा माथा यांत सरळ रेषेत सुमारे ५० किमीचे अंतर आहे. तेवढ्यात समुद्रसपाटी, खाडी, सडा, घाट आणि आंबोलीसारखे अतिवृष्टीचे ठिकाण येते. हवामान विभागाच्या जाळीबद्ध पर्जन्यविदेत एका चौकटीची बाजू पाव अंश, म्हणजे सुमारे २७ किमी असते. खाडीकाठची बरीचशी गावे त्यामुळे एकाच चौकटीत बसतात आणि घाटावरील व किनाऱ्यावरील पावसातील भेद पुसट होतो. पूर्वीच्या १२ किमीच्या जागतिक प्रतिमानात या पट्ट्यात जेमतेम चार चौकटी मावत. आयआयटीएमने विकसित केलेल्या आणि मे २०२५ मध्ये राष्ट्रास अर्पण झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'ची चौकट ६ किमीची असल्याने तेथे आता आठ मावतात. चौकट लहान झाली की अंदाज आपोआप बिनचूक होतो असे नाही; तो झाला की नाही, हे पाहण्यासाठीच पडताळणीची आज्ञावली लागते.

नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' चक्रीवादळात कोकणातील अनेक मच्छीमार समुद्रात सापडले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ किनाऱ्यालगतून उत्तरेस सरकताना मालवण व देवगड तालुक्यांत घरे, बागा आणि होड्यांची मोठी हानी झाली. समुद्रस्थितीचे अंदाज व संभाव्य मासेमारी क्षेत्राच्या सूचना हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था देते. इशारा वेळेत निघणे जसे महासंगणकावर अवलंबून असते, तसेच तो मच्छीमाराच्या भ्रमणध्वनीवर त्याच्या भाषेत उमटविणाऱ्या साध्या आज्ञावलीवरही असते. या दुसऱ्या कामास विद्यार्थ्यांमध्ये फारशी प्रतिष्ठा नाही.

मर्यादा

दोन महिन्यांत प्रतिमान समजणेही कठीण असते. विद्यार्थी परत गेल्यावर त्याने लिहिलेली आज्ञावली कोणी वापरत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिचे कारण बहुधा टिपणांचा अभाव हेच असते. अनेक ठिकाणी विद्यावेतन मिळत नाही आणि पुण्यातील निवास-भोजनाचा खर्च ग्रामीण कुटुंबांस झेपत नाही, त्यामुळे ज्या किनाऱ्यासाठी अंदाज काढावयाचा तेथील मुलांचीच संधी हुकते. सुटीचा काळही अडचणीचा आहे: दक्षिण कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, आणि अंदाज व आकाश शेजारी ठेवून पाहण्याचे दिवस सुरू होतात न होतात तोच महाविद्यालये उघडतात.