परीक्षा रुग्णाची की दवाखान्याची?

सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे माझं उभं आयुष्य गेलं. अगदी शब्दशः उभं! खिडकीच्या अलीकडे मी आणि पलीकडे लांबच लांब रांग. एका माणसाच्या वाट्याला फार तर अर्धं मिनिट यायचं. तेवढ्यात गोळ्या मोजायच्या, पुडीत घालायच्या, पुडीवर दोन शब्द लिहायचे आणि ‘चला, पुढचे’ म्हणायचं.

१९८८ सालची गोष्ट. पन्नाशीच्या एक मावशी क्षयरोगावर उपचार घेत होत्या. त्यांच्या औषधांत रिफाम्पिसिन होतं. हे औषध अन्नाबरोबर घेतलं तर शरीरात नीट शोषलं जात नाही, ते रिकाम्या पोटी घ्यायचं असतं. म्हणून मी पुडीवर लाल शाईनं ठळक अक्षरात लिहिलं : ‘उपाशीपोटी घेणे’. मावशी महिन्याच्या गोळ्या घेऊन गेल्या आणि पुढच्या महिन्यात आल्याच नाहीत. त्यांच्या केसपेपरवर शेरा पडला, ‘उपचारात अनियमित’.

त्या आल्या तिसऱ्या महिन्यात, खोकला वाढला म्हणून. मी जरा चिडूनच विचारलं, “मावशी, गोळ्या का थांबवल्या?” त्यांनी पिशवीतून पुडी काढून खिडकीत ठेवली. निम्म्याहून जास्त गोळ्या शिल्लक. म्हणाल्या, “थांबवल्या कुठं साहेब? एकबी चुकवली नाही. नातवाकडनं वाचून घेतलं होतं. पण मला सोमवार आन् एकादशीच असते. आणखी उपास धरू का?”

मी बरोबर लिहिलं होतं. नातवानं बरोबर वाचलं होतं. मावशींनी निष्ठेनं पाळलं होतं. तरीही औषध पोटात गेलं नव्हतं! उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले. सुदैवानं मावशी बऱ्या झाल्या. केसपेपरवरचा तो शेरा मात्र कोणी खोडला नाही. मीही नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात ‘आरोग्य साक्षरता’ हा शब्द कानावर पडला आणि त्याच्यामागचा इतिहास मी शोधून वाचला. तो आहे अमेरिकेतला. पण वाचताना मला राहून राहून आमचीच खिडकी दिसत होती.

हा शब्दप्रयोग १९७४ साली स्कॉट सायमंड्स यांनी आपल्या एका लेखात केला. शाळेत जसे इतर विषय, तसे आरोग्याचेही किमान धडे प्रत्येक इयत्तेत असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पण एखाद्याची आरोग्य साक्षरता मोजायची कशी? रुग्णाला ‘किती शिकलात?’ असं विचारून भागत नाही. शाळा सुटून चाळीस वर्षं झालेली असतात आणि इयत्तेवरून आजचं वाचन कळत नाही.

१९९१ मध्ये लुईझियाना राज्यातल्या टेरी डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी युक्ती काढली. वैद्यकातल्या १२५ शब्दांची यादी रुग्णाच्या हाती द्यायची आणि ती मोठ्यानं वाचायला सांगायची. १९९३ मध्ये ही यादी ६६ शब्दांवर आली. काम दोन-तीन मिनिटांत होऊ लागलं. यात एक उणीव होती. शब्द उच्चारता आला म्हणजे तो समजला, असं थोडंच आहे? इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसतो, म्हणून अनोळखी शब्दावर वाचणारा अडखळतो आणि परीक्षा थोडीफार चालते. स्पॅनिशमध्ये जसं लिहितात तसंच वाचतात, त्यामुळे तिथे ही युक्ती फसली. आपल्या देवनागरीतही तेच होईल. ‘ऑस्टिओपोरोसिस’ हा शब्द चौथीतलं पोरही घडाघडा वाचेल. पण म्हणजे काय ते आजीला विचारा!

म्हणून समज मोजणारी परीक्षा हवी होती. ती अटलांटा शहरातल्या रूथ पार्कर, डेव्हिड बेकर, मार्क विल्यम्स आणि जोॲन नर्स यांनी १९९५ मध्ये पुढे आणली. तिचं आद्याक्षरी नाव ‘टोफला’. तिचे दोन भाग होते. पहिल्यात दवाखान्यात हाती पडणारे तीन खरेखुरे उतारे : पोटाच्या एक्स-रेआधीच्या सूचना, सरकारी आरोग्य योजनेच्या अर्जातला मजकूर आणि उपचाराचं संमतिपत्र. त्यातला दर पाचवा ते सातवा शब्द गाळलेला आणि पुढे चार पर्याय. एकूण ५० गाळलेल्या जागा. दुसऱ्या भागात आकड्यांचे १७ प्रश्न. रुग्णाच्या हातात लेबल लावलेली औषधाची बाटली द्यायची आणि विचारायचं : जेवण दुपारी बाराला आहे, औषध जेवणाआधी एक तास घ्यायचं आहे, तर किती वाजता घ्याल? गुण शंभरपैकी.

गाळलेल्या जागांची ही पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडली होती, आणि ती वाचणाऱ्याची परीक्षा घेण्यासाठी नव्हतीच. मजकूर किती सुबोध आहे हे तपासण्यासाठी होती. वाचकांना गाळलेले शब्द भरता आले नाहीत, तर नापास व्हायचा तो मजकूर! दवाखान्यात येईपर्यंत ही पद्धत उलटी फिरली आणि गुण पडू लागले रुग्णाला. ही बाब मनात ठेवा.

त्याच १९९५ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या मंडळींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन सार्वजनिक रुग्णालयं निवडली होती : अटलांटाचं ग्रेडी मेमोरियल आणि लॉस एंजेलिसजवळचं हार्बर-यूसीएलए. २६५९ प्रौढ रुग्ण, बहुतेक गरीब. स्पॅनिश बोलणाऱ्यांची परीक्षा स्पॅनिशमध्येच घेतली. निकाल काय लागला? औषध रिकाम्या पोटी घेण्याची सूचना ४१.६ टक्के रुग्णांना समजली नाही. पुढच्या भेटीची तारीख लिहिलेला कागद २६ टक्क्यांना कळला नाही. नेहमीचं संमतिपत्र ५९.५ टक्क्यांना समजलं नाही. म्हणजे सही तर झाली, पण संमती झाली का?

‘रिकाम्या पोटी’चा तो आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. मावशी आठवल्या. माझ्या रांगेत अशा किती मावशी होत्या, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

साठी ओलांडलेल्यांमध्ये तर दर दहांपैकी आठजण या परीक्षेत कमी पडले. आता ग्रेडीचा इतिहास पाहा. हे रुग्णालय १८९२ साली सुरू झालं. तिथे गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे विभाग वेगळे होते. एकाच आवारात जणू दोन इस्पितळं, म्हणून लोक त्याला अनेकवचनात ‘द ग्रेडीज’ म्हणत. ही विभागणी १९६०च्या दशकात संपली. शाळांमधली वर्णभेदाची विभागणी घटनाबाह्य ठरली ती १९५४ मध्ये. १९९५ साली साठीत असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णाचं बालपण त्याआधीच्या, दुर्लक्षित शाळांमध्ये सरलं होतं. त्याला मिळालेले कमी गुण नेमके कोणाचे होते, हा प्रश्न पडतोच.

मग हे रुग्ण ‘मला वाचता येत नाही’ असं सांगत का नव्हते? याचंही उत्तर ग्रेडीतच मिळालं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २०२ रुग्णांशी बोलणं झालं. परीक्षेत कमी पडलेल्या आणि वाचनाची अडचण कबूल केलेल्या रुग्णांपैकी ६७ टक्क्यांनी ती आपल्या जोडीदारालाही सांगितलेली नव्हती, तर निम्म्याहून अधिकांनी मुलांना सांगितलेली नव्हती. जी गोष्ट माणूस घरात लपवतो, ती खिडकीवर रांगेसमोर कशी सांगणार? ‘चष्मा विसरलो’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. त्यामागे काय असतं हे मला फार उशिरा कळलं.

आणि हा नुसत्या अवघडलेपणाचा प्रश्न नव्हता. बेकर यांनी ग्रेडीतल्या रुग्णांची १९९४ आणि १९९५ या दोन वर्षांतली नोंद तपासली. अपुरी आरोग्य साक्षरता असलेल्यांपैकी ३१.५ टक्के रुग्णालयात दाखल झाले होते. पुरेशी असलेल्यांपैकी १४.९ टक्के. दुपटीहून थोडे जास्त.

आता या सगळ्याला वळण देणारा एक अभ्यास. २००६ मध्ये टेरी डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी ३९५ रुग्णांपुढे औषधाच्या बाटल्या ठेवल्या. एकीवर लिहिलं होतं की दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्यात. वाचनात कच्च्या असलेल्यांपैकीही ७१ टक्क्यांनी ही सूचना बरोबर सांगितली. मग म्हटलं, दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा. बरोबर चार गोळ्या दाखवणारे निघाले फक्त ३५ टक्के! सूचना सांगता येणं वेगळं आणि ती घरी जाऊन पाळता येणं वेगळं. म्हणजे दोष लेबलातही होता.

दोष फक्त लेबलात होता असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका अभ्यासात, २००३ मध्ये, मधुमेहाच्या रुग्णांशी डॉक्टरांचं झालेलं बोलणं तपासलं गेलं. नव्यानं सांगितलेल्या गोष्टींपैकी जेमतेम १२ टक्क्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी रुग्णाला ती समजली की नाही, याची खातरजमा केली होती.

यातून विचार हळूहळू पालटला. प्रत्येक रुग्णाची परीक्षा घेऊन त्याला लाजवण्यापेक्षा, कोणालाही कळणार नाही असं धरूनच सगळ्यांशी सोपं बोलावं, असं अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं २०१० मध्ये मार्गदर्शक संच काढून सुचवलं. नर्स जशी रक्त काढताना रोग आहे की नाही हे न विचारता सगळ्यांसाठीच हातमोजे घालते, तसंच. २०२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य उद्दिष्टांत आरोग्य साक्षरतेच्या दोन व्याख्या आल्या : एक व्यक्तीची, दुसरी संस्थेची. लोकांना माहिती शोधता, समजून घेता आणि वापरता यावी, ही जबाबदारी संस्थेचीही मानली गेली. विल्सन टेलर यांची मोजपट्टी फिरून मूळ जागी आली म्हणा ना!

मी माझ्यापुरता एक बदल केला. ‘उपाशीपोटी’ लिहिणं सोडलं. ‘रोज सकाळी उठल्यावर, चहा-नाश्त्याच्या एक तास आधी’ असं लिहू लागलो. आणि ‘कळलं ना?’ असं विचारणं बंद केलं, कारण त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी म्हणायचो, “मी नीट सांगितलं का बघू. घरी गेल्यावर कशा घ्याल, जरा सांगा.” रांग लांबली. सहकारी कुरकुरले. पण दिवसात दोन-तीन वेळा तरी असं काही ऐकायला मिळायचं की वाटायचं, बरं झालं विचारलं.

मावशींचा तो केसपेपर केव्हाच रद्दीत गेला असेल. पण तुम्ही उद्या औषधाच्या खिडकीपाशी उभे राहिलात आणि काही कळलं नाही, तर बाजूला होऊ नका. मागची रांग ओरडली तरी ‘पुन्हा एकदा सांगा’ म्हणा. नीट समजावून सांगणं हे खिडकीमागच्या माणसाचं काम आहे आणि ते राहिलं असेल, तर शेरा त्याच्या नावावर पडायला हवा.