जव खाणारे लढवय्ये

व्हिगन राहून मार्शल आर्ट्स झेपतं का, हा वाद निघाला की कोणीतरी रोमन ग्लॅडिएटरचं नाव काढतंच. २०१८ च्या ‘द गेम चेंजर्स’ या डॉक्युमेंटरीनंतर तर हमखास. तर आज तो पुरावा नीट उघडून बघू.

आजच्या तुर्कस्तानात एफेसस नावाचं जुनं रोमन शहर आहे. १९९३ मध्ये ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांना तिथे ग्लॅडिएटरांचं दफनस्थान सापडलं. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं. पुढे व्हिएन्ना आणि बर्नच्या संशोधकांनी त्या हाडांचं रासायनिक विश्लेषण केलं, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. जेवण मुख्यतः धान्य आणि कडधान्यांचं, मांस फारच कमी.

जुनी पुस्तकंही हेच सांगतात. प्लिनी लिहितो की ग्लॅडिएटरांना ‘होर्देआरी’ म्हणायचे, म्हणजे जव खाणारे. आता हे ऐकायला भारी वाटतं, पण रोमन सैन्यात गव्हाऐवजी जव देणं ही शिक्षा होती! बरेचसे ग्लॅडिएटर गुलाम किंवा कैदी. ताटात काय पडेल हे ते ठरवत नव्हते, मालक ठरवायचा. आणि जव स्वस्त होता. प्राण्यांबद्दलची करुणा वगैरे इथे कुठेच नाही.

गेलन हा प्रसिद्ध वैद्य इसवी सन १५७ मध्ये पर्गमममधल्या ग्लॅडिएटरांचा डॉक्टर झाला. कडधान्याच्या रोजच्या कढणाने यांचं अंग घट्ट न होता थुलथुलीत होतं, अशी त्याची तक्रार. काही संशोधकांना उलट वाटतं की ही चरबी कामाचीच होती, वरवरचा वार झाला तर आतल्या नसा वाचायच्या.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याच शहरातल्या सामान्य लोकांची हाडंही तपासली, तर त्यांचं जेवणही साधारण तसंच निघालं! फरक एका गोष्टीत. ग्लॅडिएटरांच्या हाडांत कॅल्शियमच्या तुलनेत स्ट्रॉन्शियमचं प्रमाण जवळपास दुप्पट. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर दिसणारं इनपुट सारखं, आउटपुट वेगळं. म्हणजे मधे अजून एक इनपुट असणार. संशोधकांचा अंदाज: राखेचं पेय. वनस्पतींची राख पाण्यात घालून ग्लॅडिएटर पितात, असा उल्लेख प्लिनीकडेही आहे. मार लागल्यावर, थकल्यावर. त्या काळातलं कॅल्शियम सप्लिमेंटच म्हणा ना.

मला विचाराल तर आपल्या कामाची गोष्ट ही राख आहे. आपल्याकडच्या तालमीत मांस न खाणारा पैलवान नवा नाही, पण त्याच्या खुराकात दूध, तूप असतंच. व्हिगन माणूस तेही सोडतो. मग ती जागा मुद्दाम भरावी लागते. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ. प्रोटीनसाठी डाळी, सोयाबीन. आणि बी-१२ ची गोळी तर लागतेच, कारण वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही.

ग्लॅडिएटर व्हिगन नव्हते, त्यामुळे ‘ते करायचे म्हणून आपणही करू’ हा मुद्दा टिकत नाही. मात्र जव आणि कडधान्यावर माणूस लढू शकतो, हे त्यांच्या हाडांत लिहिलेलं आहे. ताटात काय कमी पडतंय हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याने राख कालवली. जिममध्ये पुढच्या वेळी हा वाद निघाला, तर जवाबरोबर राखेचीही गोष्ट सांगा.